अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठीच्या सूचना : एक भाषिक परीक्षण

१

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरील मजकुराचे परीक्षण करावयाचे म्हटले, तर ते अनेकांना अस्थानी वाटेल. अशा मजकुरात वाङ्मयीन असे काही नसते, हे खरेच आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला केवळ वाङ्मयीन भाषेतच रस असावा, असा काही नियम नाही. किंबहुना ज्या लेखनावर वाचणाराचे प्रत्यक्ष हिताहित अवलंबून असते, ते लेखन अधिक कसोशीने तपासले पाहिजे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या सूचना ह्या प्रकारच्या आहेत. शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, शिकाऊ उमेदवारी, कार्यप्रशिक्षण, मुलाखती ह्यांसंबंधीच्या ह्या चार-सहा ओळी विद्यार्थ्याने कशा वाचल्या, ह्यावर त्याचे एक वर्ष, प्रसंगी त्याचे शिक्षणच, अवलंबून असते.

जे. एल. ऑस्टिन ह्या तत्त्वचिंतकाने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत एक महत्त्वाचा भेद दाखविला. काही वाक्ये वस्तुस्थिती सांगतात. काही वाक्ये उच्चारताच एखादी कृती घडवून आणतात. 'अर्ज मागविण्यात येत आहेत' हे वाक्य दुसऱ्या वर्गातले आहे. ते एक दार उघडते आणि त्याबरोबरच ते केव्हा बंद होणार, हेही ठरवते. मात्र अशी कृती सफल होण्यासाठी ऐकणाराला ती कळणे आवश्यक असते. जी सूचना तिच्या वाचकाला कळली नाही, ती लावली गेली एवढेच म्हणता येईल. दिली गेली असे म्हणता येणार नाही.

ह्या सूचनांच्या भाषेविषयी आजवर जी चर्चा झाली, ती बहुतेक शब्दांभोवतीच फिरली. ते साहजिकही होते. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली, १९६४ साली राजभाषा अधिनियम आला, आणि प्रशासनासाठी मराठी शब्द घडविण्याचे मोठे कार्य सुरू झाले. तेव्हापासून 'संस्कृत शब्द बोजड की इंग्रजी शब्द परके' हा वाद आपण घालीत आलो आहो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, विद्यार्थ्याची अडचण मुख्यतः शब्दांच्या काठिण्याची नाही. ती दोन ठिकाणी आहे : योजनेला दिलेल्या चुकीच्या नावात, आणि वाक्याच्या सदोष रचनेत.

२

प्रथम काठिण्याचा प्रश्न घेऊ. 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' ह्या नावातील 'अधिवास' हा शब्द बोलीत नाही. विद्यार्थी 'डोमिसाइल' म्हणतो. 'उन्नत व प्रगत व्यक्ती किंवा गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र' ह्या लांबलचक नावाला सर्वत्र 'नॉन-क्रिमीलेयर' म्हणतात. 'प्रतिपूर्ती', 'अनुज्ञेय', 'सक्षम प्राधिकारी' हे शब्दही असेच. तरीही ह्या शब्दांनी होणारे नुकसान मर्यादित आहे. कठीण शब्द आपले काठिण्य लपवीत नाही. तो दिसताच विद्यार्थी कार्यालयात विचारतो, वरच्या वर्गातल्या मित्राला विचारतो, आणि त्याचा अर्थ एकदा कळला की तो कायमचा कळतो.

खरा धोका ओळखीच्या शब्दांचा आहे. त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे वाचणारा गृहीत धरतो, म्हणून तो विचारीत नाही. ह्याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण 'भरती' ह्या शब्दाचे. 'शिकाऊ उमेदवारांची भरती' असे मथळे वृत्तपत्रांत नेहमी येतात आणि तेच महाविद्यालयांच्या फलकांवर उतरतात. मराठीत 'भरती' म्हणजे नेमणूक. सैन्यात भरती, पोलीस भरती ह्या प्रयोगांनी तो अर्थ पक्का केला आहे. परंतु १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम, ज्याच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले, शिकाऊ उमेदवाराला कामगार मानीत नाही. तो प्रशिक्षणार्थी आहे. त्याला मिळते ते वेतन नव्हे, विद्यावेतन होय. प्रशिक्षण पुरे झाले एवढ्याने नोकरीचा हक्क उत्पन्न होत नाही. अशा उमेदवारांना पुढे सेवेत घेण्याचे धोरण मालकाने स्वतः ठरवावे, असे २०१४ ची दुरुस्ती सांगते. ही योजना वाईट आहे असे मुळीच नाही. कारखान्यातील एक वर्षाचा प्रत्यक्ष अनुभव नवपदवीधराला मोलाचाच असतो. पण 'भरती' वाचून गेलेला तरुण नोकरीच्या अपेक्षेने जातो, आणि वर्षअखेरीस आपल्याला काढून टाकले असे समजून परततो. अधिनियमाने त्याला फसविलेले नसते. फसविले ते एका शब्दाने. अधिनियमाच्याच नावात असलेला 'शिकाऊ उमेदवारी' हा नेमका आणि सर्वांना कळणारा शब्द वापरून 'शिकाऊ उमेदवारांची निवड' असे म्हटले असते, तर हा घोटाळा झाला नसता.

दुसरे उदाहरण 'मोफत' ह्या शब्दाचे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग ह्यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के लाभ देण्याचे २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षापासून ठरले. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु तो फलकांपर्यंत पोचला तो 'मुलींना अभियांत्रिकीचे मोफत शिक्षण' ह्या रूपाने. आता मूळ निर्णयातील प्रत्येक शब्दाला सीमा आहे. लाभ दोन शुल्कांपुरता आहे; वसतिगृह, भोजन, पुस्तके त्यांत येत नाहीत. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला तो लागू नाही. खाजगी अभिमत विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. 'मोफत' ह्या शब्दाला मात्र अशी एकही सीमा नाही; व्यवहारात त्याचा अर्थ 'काहीही द्यावे लागणार नाही' असाच होतो. एखाद्या शेतकऱ्याने ह्या शब्दावर विसंबून मुलीला व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊन दिला, तर चार वर्षांचे पूर्ण शुल्क त्याच्या माथी बसेल. ते माथी बसविण्यास 'प्रतिपूर्ती'सारखा बोजड शब्द कारण झालेला नसेल. 'मोफत' हा सोपा शब्द झालेला असेल.

ह्याच अनुषंगाने 'संधी' ह्या शब्दाचाही विचार करावा लागतो. शुल्क आकारून चार-सहा आठवड्यांचे प्रशिक्षण विकणारे कित्येक जण आपल्या पत्रकाला 'सुवर्णसंधी' म्हणतात, आणि ते पत्रक शिष्यवृत्तीच्या सूचनेशेजारी त्याच फलकावर लागते. सूचना आणि जाहिरात हे भिन्न लेखनप्रकार आहेत. सूचना देणारा वाचकाच्या हिताचे सांगण्यास बांधलेला असतो. जाहिरात देणारा स्वतःच्या. एकाच फलकावर, एकाच भाषेत दोन्ही वाचावयास मिळाली, म्हणजे नवख्या विद्यार्थ्याला त्यांतील भेद कळण्याचे साधन उरत नाही.

३

आता वाक्यरचनेकडे वळू. अशा सूचनांचा सर्वसाधारण साचा पुढीलप्रमाणे असतो :

'अंतिम वर्षाच्या व सर्व विषयांत उत्तीर्ण असलेल्या पात्र विद्यार्थ्यांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत अर्ज सादर करावेत. अर्जांची पडताळणी करून ते पुढे पाठविण्यात यावेत. अपूर्ण अर्जांचा विचार करण्यात येणार नाही.'

ह्यातील एकही शब्द विद्यार्थ्याला अपरिचित नाही. तरीही सूचना संदिग्ध आहे, आणि तिच्यातील संदिग्धता व्याकरणाने दाखविता येते.

पहिला दोष 'व' ह्या अव्ययाचा. 'उंच व सडपातळ मुलगा' म्हटले की एकाच मुलाचे दोन गुण कळतात. 'मराठी व गुजराती विद्यार्थी' म्हटले की दोन गट कळतात. वरील वाक्यात कोणता अर्थ घ्यावयाचा? अंतिम वर्षात असून शिवाय सर्व विषयांत उत्तीर्ण असलेले, की अंतिम वर्षाचे सर्व आणि त्याखेरीज अन्य वर्षांचे उत्तीर्ण? रचना दोन्ही अर्थ देते. शिवाय 'उत्तीर्ण' म्हणजे आज उत्तीर्ण, की प्रत्येक परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण? येथे विद्यार्थ्यांची बोली सूचनेहून अधिक काटेकोर आहे, हे नमूद केले पाहिजे. राहिलेल्या विषयासाठी ते 'बॅकलॉग' हा शब्द वापरतात. परंतु अद्याप न सुटलेला तो 'लाइव्ह' आणि पूर्वी राहून पुढे सुटलेला तो 'डेड', असा भेदही ते करतात. हा भेद त्यांनी गरजेतून घडविला आहे. सूचना लिहिणाऱ्यास ती गरज भासलेली नाही.

दुसरा दोष 'पात्र' ह्या विशेषणाचा. पात्र कोण हे सांगणे हे सूचनेचे काम. 'पात्र विद्यार्थ्यांनी अर्ज करावेत' म्हणजे ज्यांनी अर्ज करावयाचा त्यांनी करावा, एवढेच झाले. ह्या चक्राकार वाक्याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. ज्याच्या घरात पदवीधर आहेत, तो स्वतःला पात्र धरून चौकशीला जातो. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेला विद्यार्थी 'आपण कसले पात्र असणार' म्हणून मागे राहतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 'प्रगती' शिष्यवृत्तीचे उदाहरण घ्या. मुलींसाठी असलेल्या ह्या शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला ५०,००० रुपये आहे. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलेल्या मुलीही तीस पात्र आहेत, आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते. 'प्रथम वर्षाच्या पात्र विद्यार्थिनींनी' एवढेच लिहिले, तर थेट दुसऱ्या वर्षात आलेली मुलगी सूचना वाचून पुढे निघून जाईल. मोठ्या बहिणीला शिष्यवृत्ती मिळत असेल, तर धाकटी विचारणारही नाही.

तिसरा दोष विध्यर्थाचा. मराठीत '-आवा' प्रत्ययान्त रूप अनेक अर्थ वाहते. 'रोज थोडे चालावे' हा सल्ला आहे. 'आज पाऊस यावा असे दिसते' ही शक्यता आहे. 'एकदा हिमालय पाहावा' ही इच्छा आहे. 'करदात्याने विवरण भरावे' हे कर्तव्य आहे. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ च्या व्याकरणापासून आपले व्याकरणकार ह्या अर्थच्छटांची मांडणी करीत आले आहेत. सूचनेत मात्र 'आधारकार्ड बँक खात्यास जोडून घ्यावे' आणि 'अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी' ही दोन्ही वाक्ये एकाच साच्यात येतात. पहिले न केल्यास पैसे खात्यात जमा होण्याचे अडते. दुसरे न केल्यास काहीच बिघडत नाही. रूप एकच असल्याने हा फरक वाचणाराला कळण्याचा मार्ग नाही. 'केलेच पाहिजे' आणि 'केल्यास बरे' हे दोन्ही प्रयोग मराठीत सिद्ध आहेत. त्यांचा उपयोग करण्यास काही अडचण नसावी.

चौथा आणि सर्वांत गंभीर दोष 'करण्यात यावे' ह्या रचनेचा. ह्या रचनेत कर्ता गळून पडतो. 'पडताळणी करून पुढे पाठविण्यात यावेत' म्हणजे कोणी? राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर आणि राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर विद्यार्थ्याने अर्ज सादर केला की काम संपत नाही. तो आधी महाविद्यालयाने तपासून मान्य करावा लागतो आणि मग वरच्या कार्यालयाकडे जातो. म्हणजे 'अर्ज सादर झाला' ह्याचा विद्यार्थ्याच्या लेखी एक अर्थ होतो व यंत्रणेच्या लेखी दुसरा. अर्ज महाविद्यालयाच्या टप्प्यावर अडकून राहिला, तर मुदत विद्यार्थ्याची टळते, आणि सूचनेत कर्त्याचे नाव नसल्याने त्याने जाब विचारावा कोणाला, हेही कळत नाही. कर्ता वगळणे ही येथे केवळ शैली नाही. जबाबदारी वगळण्याचीच ती एक रीत आहे.

४

ह्यावर असे म्हटले जाईल की, शासकीय व संस्थात्मक भाषेला कायद्याचा काटेकोरपणा सांभाळावा लागतो. ती सोपी केली तर सैल होईल. हा आक्षेप विचारार्ह आहे, परंतु वरील विवेचनाला तो लागू पडत नाही. येथे दाखविलेले दोष काटेकोरपणातून आलेले नसून त्याच्या अभावातून आलेले आहेत. 'भरती' व 'मोफत' हे शब्द मूळ अधिनियमाहून व निर्णयाहून सैल आहेत. संदिग्ध 'व' आणि कर्तृहीन क्रियापद ही कोणत्याही कायद्याच्या दृष्टीने उणीवच ठरेल. दुसरा आक्षेप असा की, सूचना इंग्रजीत दिली की प्रश्न सुटतो. परंतु कर्ता गाळण्याची सोय इंग्रजीतही आहे, आणि 'फ्री' हा शब्द 'मोफत'पेक्षा अधिक मर्यादित नाही.

तांत्रिक विषय मराठीस पेलत नाहीत, हा समजही येथे आड येऊ नये. १८२३ च्या सुमारास मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांच्या देखरेखीखाली निघालेल्या अभियंता-शाळेत मराठी व गुजरातीतून शिकवीत असत. २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीच्या शिक्षणास अनुमती दिली आहे. जी भाषा यंत्रशास्त्र शिकवू शकते, तिला शिष्यवृत्तीच्या अटी नीट सांगता येत नाहीत, असे मानण्यास आधार नाही.

वर दिलेलीच सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

'तुम्ही अंतिम वर्षात शिकत असाल आणि आज तुमचा एकही विषय राहिलेला नसेल, तर तुम्ही अर्ज करू शकता. पूर्वी राहिलेला विषय आता सुटला असल्यास हरकत नाही. सोबत तीन कागद जोडलेच पाहिजेत : उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र (डोमिसाइल) आणि मागील वर्षाची गुणपत्रिका. अर्ज १५ तारखेला सायंकाळी ५ वाजेपर्यंत भरा. महाविद्यालयाचे शिष्यवृत्ती कार्यालय तो २० तारखेपर्यंत तपासून पुढे पाठवील. २१ तारखेस आपला अर्ज पुढे गेला की नाही, हे पाहा. गेला नसल्यास त्याच दिवशी प्राचार्यांना भेटा.'

हा मजकूर मूळ मजकुराहून लांब आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु वाढलेल्या प्रत्येक शब्दाने एक शंका कमी केली आहे, आणि प्रत्येक क्रियापदाला कर्ता मिळाला आहे. 'अधिवास' हा शब्दही गेलेला नाही. त्याचे बोलीतले नाव शेजारी येऊन बसले, एवढेच.

५

भाषाविज्ञानाच्या विभागांनी ह्या कामात लक्ष घालावयास हवे. आपण बोलींची सर्वेक्षणे करतो, परिभाषेवर चर्चासत्रे भरवितो. आपल्याच विद्यापीठाच्या फलकावरील वाक्ये मात्र आपल्या अभ्यासाच्या बाहेर राहतात. प्रत्येक सूचना लावण्यापूर्वी प्रथम वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना वाचावयास द्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत : हे कोणासाठी आहे, तुम्ही काय करावयाचे, आणि तुम्ही केल्यानंतर पुढचे काम कोणाचे? तिन्ही प्रश्नांची उत्तरे सर्वांकडून एकसारखी आली, तर सूचना लावावी. न आल्यास ती परत लिहावी. ह्या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. ती न केल्याची किंमत मात्र आज विद्यार्थी भरीत आहेत, आणि ती कोणत्याही हिशेबात दिसत नाही. कारण न केलेल्या अर्जांची नोंद कोणतेही कार्यालय ठेवीत नाही.