परीक्षा आणि दार : स्वमग्न विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन पूर्वतयारीची दोन चित्रे

शाळेतून महाविद्यालयात जाणे ही सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या दृष्टीने वरची पायरी असते. स्वमग्न विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते स्थलांतर असते. वेळापत्रक, वर्ग, शिक्षक, जेवणाची जागा, संभाषणाचे अलिखित संकेत ही सर्व एकाच वेळी बदलतात. या स्थलांतराच्या पूर्वतयारीचे चित्रण इंग्रजीतील दोन ग्रंथांत निरनिराळ्या रीतीने झाले आहे. मार्क हॅडन यांची ‘द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही कादंबरी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. टेंपल ग्रँडिन यांचे ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ हे आत्मकथनपर पुस्तक १९९५ मधील आहे. कलाकृती म्हणून कादंबरी निःसंशय सरस आहे. तथापि प्रस्तुत विषयापुरते पाहता ग्रँडिन यांचे पुस्तक अधिक खोल जाते, आणि त्याचे कारण ‘तयारी’ या शब्दाच्या अर्थात आहे.

हॅडन यांचा नायक ख्रिस्तोफर हा इंग्लंडमधील स्विंडन येथे राहणारा पंधरा वर्षांचा मुलगा. निवेदनात त्याच्या अवस्थेला नाव दिलेले नाही. पण वाचकांनी त्याला स्वमग्न म्हणूनच ओळखले. तो विशेष शाळेत शिकतो आणि ‘ए लेव्हल’ ही विद्यापीठप्रवेशास आवश्यक अशी गणिताची परीक्षा देऊ इच्छितो. त्या शाळेतून ही परीक्षा पूर्वी कोणी दिलेली नाही. मुख्याध्यापिका नकार देतात, वडील हट्ट धरतात, स्वतंत्र पर्यवेक्षक ठरतो. अखेरीस ख्रिस्तोफरला सर्वोच्च श्रेणी मिळते. आणखी दोन परीक्षा, मग विद्यापीठ, मग शास्त्रज्ञाची पदवी अशी मालिका तो आत्मविश्वासाने मांडतो आणि कादंबरी संपते.

वस्तुतः ख्रिस्तोफरची खरी परीक्षा गणिताची नाही. गणित त्याला येतेच. त्याची कसोटी लागते ती लंडनला एकट्याने केलेल्या प्रवासात. स्थानकावरील प्रत्येक पाटी, प्रत्येक आवाज त्याच्या मनावर एकाच वेळी आदळतो. तेव्हा तो जमिनीवर एक लाल रेषा कल्पितो आणि ‘डावा, उजवा’ असे पुटपुटत तिच्यावरून चालतो. गर्दीतून वाट काढण्याची ही युक्ती महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी कोणत्याही श्रेणीपेक्षा अधिक उपयोगी पडणारी आहे. परंतु ती त्याला कोणी शिकविलेली नाही, आणि शेवटच्या हिशेबात कादंबरी तिला स्थान देत नाही. शेवटचा आत्मविश्वास हा नायकाचा आहे, लेखकाचा नव्हे, असा बचाव करता येईल. तो काही अंशी ग्राह्यही आहे. पण त्या आत्मविश्वासाला छेद देणारा दुसरा स्वर कादंबरीत नाही. सायमन स्टीफन्स यांनी २०१२ मध्ये केलेल्या नाट्यरूपात ही उणीव भरून निघते. तेथे ख्रिस्तोफर आपल्या शिक्षिकेला, आता मला काहीही करता येईल का, असे विचारतो आणि ती निरुत्तर राहते.

ग्रँडिन यांच्या पुस्तकात परीक्षेला गौण स्थान आहे. शाळा सोडण्याची वेळ आली तेव्हा ‘भविष्य’ ही अमूर्त कल्पना त्यांच्या मनात उभीच राहीना. वसतिगृहाच्या जुन्या घरावर नवी इमारत चढत होती. तिच्या छपराकडे उघडणारे एक लहान लाकडी दार त्यांना दिसले, आणि बदलाचे मूर्त रूप त्यांना सापडले. पुढे महाविद्यालयातही पदवीनंतरच्या आयुष्याच्या तयारीसाठी छपरावर निघणारे एक धातूचे दार त्यांनी निवडले आणि त्यातून पुनःपुन्हा जाण्याची तालीम केली. वरवर विक्षिप्त वाटणाऱ्या या कृतीत पूर्वतयारीचे तत्त्व आहे : जे ठिकाण गाठावयाचे ते आधी पाहावे, त्यात वावरावे, आणि अमूर्त सूचनेला दृश्य रूप द्यावे.

दुसरा धडा त्यांचे विज्ञानशिक्षक विल्यम कारलॉक यांचा. गुरांना लस टोचताना धरून ठेवणारा सापळा पाहून ग्रँडिन यांनी स्वतःसाठी तसे यंत्र बनविले होते. त्याच्या दाबाने त्यांना शांत वाटे. इतरांनी तो छंद तोडू पाहिला. कारलॉक यांनी, असे शांत का वाटते हे ग्रंथालयात जाऊन शोध, असे सांगितले. तेथून शास्त्रीय नियतकालिके वाचण्याची सवय लागली. महाविद्यालयात गणिताच्या पहिल्या चाचणीत ग्रँडिन नापास झाल्या आणि प्राध्यापकांकडे जादा शिकवणी घेऊ लागल्या. १९७० मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. ख्रिस्तोफर गणितात अजिंक्य आहे, ग्रँडिन गणितात नापास. टिकून राहिल्या त्या मदत मागता येत होती म्हणून.

या पुस्तकालाही मर्यादा आहेत. सर्व स्वमग्न व्यक्ती चित्रांतूनच विचार करतात, हा त्यातील मूळ ग्रह पुढे स्वतः लेखिकेनेच २००६ च्या आवृत्तीत दुरुस्त केला. शिवाय कारलॉक भेटले हा योग होता, व्यवस्था नव्हती.

दोन्ही पुस्तके एकत्र वाचली असता मराठीत रूढ झालेला ‘स्वमग्न’ हा शब्दही तपासून घ्यावासा वाटतो. ख्रिस्तोफर आणि ग्रँडिन स्वतःत बुडालेले नाहीत. बाहेरचे जग त्यांच्यावर गरजेपेक्षा अधिक कोसळते. शब्द चुकला की उपायही चुकतो. विद्यार्थ्याला ‘बाहेर काढण्याचा’ खटाटोप होतो आणि जगाचा आघात सौम्य करण्याचे राहून जाते.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखण्याचे बंधन त्यात आहे, आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुरूप सोयी देण्याचेही. पहिली तरतूद मोजता येते. दुसरी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारूनच ठरवावी लागते. प्रवेशापूर्वी रिकाम्या वर्गांतून फेरी, लेखी स्वरूपातील सूचना, गोंगाटापासून दूर एक खोली आणि अडचण सांगण्यासाठी नेमलेला एक अध्यापक या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. मात्र त्या कोणा एका कारलॉकच्या सद्भावावर सोडून चालणार नाही. हॅडन यांची कादंबरी विद्यार्थ्याला दारापर्यंत आणून थांबते. महाविद्यालयांना तेथे थांबण्याची मुभा नाही.