दुभंगलेलं सभागृह : कारण की सबब?

निवडणूक सुधारणांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘सभागृहच दुभंगलेलं आहे, एकमत कुठून व्हायचं?’ तर्कशास्त्रात आम्ही कारण आणि सबब यांत फरक करतो. तोच इथे करून पाहू.

१९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरायला हवा. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून हा निकाल निष्प्रभ केला. तेव्हा सभागृह दुभंगलेलं नव्हतं. सरकारपाशी भक्कम बहुमत होतं. आज मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या एकूण खर्चाला कसलीच नाही. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं!

आता २०१७ बघा. निवडणूक रोख्यांची वाट मोकळी करणारं वित्त विधेयक धन विधेयक म्हणून आलं. राज्यसभेत सरकारचं बहुमत नव्हतं. तिथे दुरुस्त्या मंजूर झाल्या, कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा घालणारीही. धन विधेयकात राज्यसभेला फक्त शिफारशींचा अधिकार. लोकसभेने त्या फेटाळल्या. पुढे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने रोखे घटनाबाह्य ठरवले. म्हणजे दुभंगलेलं सभागृह सुधारणेच्या आड आलं नाही. त्यालाच वळसा घातला गेला.

यावर तोडगा म्हणून सरकारी निधीची सूचना होते. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये मान्यताप्राप्त पक्षांना वस्तुरूपाने मदत सुचवली होती. हेतू चांगला, पण क्रम महत्त्वाचा. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नसताना सरकारी मदत दिली, तर ती खाजगी पैशाची जागा घेणार नाही, त्यात भर घालेल. भरल्या घागरीत आणखी तांब्याभर पाणी, आणि तेही करदात्याचं. आधी देणग्या उघड, मग खर्चाला मर्यादा, आणि शेवटी सरकारी निधी, असाच क्रम हवा.

राहिला प्रश्न शक्यतेचा. पक्षखर्चावर मर्यादा घालायला घटनादुरुस्ती लागत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात साध्या बहुमताने बदल करता येतो. २०२४ नंतर लोकसभेत कुणा एका पक्षाला बहुमत नाही, म्हणजे मित्रपक्षांच्या शब्दाला वजन आहे. तेव्हा ‘एकमत नाही’ हे उत्तर आम्हाला पटत नाही. आपल्या खासदाराला एवढंच विचारा : तुमच्या पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालणारं विधेयक आलं, तर तुम्ही मत कुठे द्याल?