थंडीत रेंज ४१ टक्क्यांनी घटते, पण कुठल्या थंडीत?

डिसेंबर लागला की एक आकडा हमखास फिरायला लागतो: थंडीत इलेक्ट्रिक गाडीची रेंज ४१ टक्क्यांनी घटते. बातम्यांत असतो, यूट्यूबवर असतो, आणि यंदा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही येऊन पोचला. लाखनीच्या मामाजींना सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. मामींना दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. आकडा वाचून त्यांनी सरळ फोन केला: "थंडीत अर्धीच चालते मंते, मंग नागपूरवरून वापस कसा येऊ?"

प्रश्न रास्त आहे आणि आकडाही खोटा नाही. पण तो ज्या प्रयोगातून आलाय तो प्रयोग न वाचता भंडाऱ्याच्या रस्त्यावर लावला, तर कर्ज काढून गाडी घेणारा माणूस चुकीच्या गोष्टीला भिईल आणि खऱ्या गोष्टीकडे त्याचं लक्षच जाणार नाही. म्हणून आज तो अभ्यास उलगडून बघू.

मूळ अभ्यास काय आहे?

हा आकडा अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन, म्हणजे 'एएए', या संस्थेच्या २०१९ च्या अहवालातला आहे. त्यांनी पाच गाड्या घेतल्या: बीएमडब्ल्यू आय-३एस, शेव्हरोले बोल्ट, निसान लीफ, टेस्ला मॉडेल एस आणि फोक्सवॅगन ई-गोल्फ. गाड्या रस्त्यावर नाही, तर प्रयोगशाळेत रोलरवर चालवल्या, आणि खोलीचं तापमान तीन पायऱ्यांवर ठेवलं: उणे ७ अंश, २४ अंश आणि ३५ अंश सेल्सिअस. २४ अंशाची रेंज हा पाया धरून बाकी दोन्हींची तुलना केली.

उणे ७ अंशाला हीटर चालू ठेवल्यावर रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली. फिरतो तो हाच आकडा. पण त्याच अहवालात त्याच्या शेजारीच दुसरा आकडा आहे, जो कोणी फॉरवर्ड करत नाही. उणे ७ अंशालाच हीटर बंद ठेवला, तर घट फक्त १२ टक्के! म्हणजे गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा बॅटरीवर थेट थंडीचा परिणाम १२ टक्क्यांचा, आणि उरलेला मोठा भाग आतल्या माणसांना उबदार ठेवण्याचा.

असं का होतं, हे समजायला पेट्रोल गाडी आठवा. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण दोन तृतीयांश भाग उष्णता होऊन वाया जातो. हीटर लावला की तीच वाया जाणारी ऊब आत वळवली जाते, फुकटात. इलेक्ट्रिक मोटर इतकी कार्यक्षम असते की वळवायला ऊब उरतच नाही. मग बॅटरीतली वीज जाळून उष्णता करावी लागते. साधा हीटर एक युनिट विजेतून फार तर एक युनिट उष्णता देतो. हीट पंप असेल तर तेवढ्याच विजेत दोन-तीन पट काम होतं, पण तो महागड्या गाड्यांत जास्त दिसतो. थोडक्यात, पेट्रोल गाडी जो खर्च बारा महिने करत असते, तो इलेक्ट्रिक गाडीत फक्त थंडीत दिसतो.

अभ्यास काय सांगत नाही

पहिली गोष्ट, उणे ७ आणि २४ यांच्या मधलं काहीच त्यांनी मोजलेलं नाही. नागपुरात जानेवारीचं सरासरी किमान तापमान १२-१३ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी पारा २८ च्या घरात जातो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले, तेव्हा सगळ्या विदर्भाच्या तोंडी तोच विषय होता. भंडारा तिथून साठेक किलोमीटरवर आहे, हवामान साधारण तेच. म्हणजे आपली ऐतिहासिक थंडीसुद्धा त्या प्रयोगातल्या थंडीपेक्षा दहा अंशांनी गरम आहे.

२४ आणि उणे ७ यांच्यामध्ये सरळ रेघ ओढून १० अंशाची घट वाचली, तर हीटर चालू असताना सुमारे १९ टक्के येते आणि बंद असताना ५-६ टक्के. ही रेघसुद्धा ढोबळच आहे. आपल्याकडे सकाळी नऊनंतर उन्हानेच काच तापते आणि हीटर लागेनासा होतो. आणि खरं सांगा, भंडाऱ्यात गाडीत हीटर लावून बसतं कोण? स्वेटर असतो, कानाला मफलर असतो, काच वर केली की भागतं.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. अहवालातलं 'कडक ऊन' म्हणजे ३५ अंश. तिथे एसी चालू ठेवल्यावर रेंज १७ टक्क्यांनी घटली, एसी बंद असताना ४ टक्क्यांनी. आता ३५ अंश म्हणजे आपल्याकडे मार्चमधली दुपार. मे महिन्यात ४२-४३ हे रोजचं आहे. त्या उन्हाचा आकडा या अभ्यासात नाहीच. तो १७ पेक्षा कमी असण्याचं मात्र काही कारण दिसत नाही. आणि हीटरशिवाय आपलं भागतं, तसं मे महिन्यात एसीशिवाय भागत नाही, त्यातही आजारी माणूस सोबत असेल तर.

म्हणजे अहवाल चुकीचा नाही. त्याने ज्या हवेत मोजलं त्या हवेसाठी तो चोख आहे. चूक त्याचं मथळ्यापुरतं वाचन करणाऱ्यांची आहे. आणि गंमत बघा, ज्या नॉर्वेत खरोखर उणे १० होतं, तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. तिथली वाहनचालक संघटना दर हिवाळ्यात गाड्या रस्त्यावर नेऊन बॅटरी संपेपर्यंत चालवते. २०२० च्या चाचणीत २० गाड्यांची सरासरी घट १८.५ टक्के आली, ४१ नाही. प्रयोग बदलला, थंडी बदलली, आकडाही बदलला.

मग आपल्या थंडीत काहीच होत नाही का?

होतं. तेही सांगायला हवं, नाहीतर मीही मथळेच वाटतोय असं होईल.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी जातीच्या सेल असतात. टिकाऊ आणि उन्हाला तुलनेने सुरक्षित, पण गारठ्यात जरा सुस्त. रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी सकाळी सहाला काढली, तर पहिले काही किलोमीटर ब्रेकमधून परत मिळणारी वीज कमी मिळू शकते आणि फास्ट चार्जिंग नेहमीपेक्षा हळू होतं. गार हवा जड असते, तिला कापायला जोर जास्त लागतो. आणि टायरमधली हवा दर १० अंशांना दीड-पावणेदोन पीएसआयने उतरते. मे महिन्यात भरलेली हवा जानेवारीत तशीच ठेवली, तर टायर चार-पाच पीएसआयने बसलेला असतो आणि रेंज गुपचूप खात राहतो. हा खर्च मात्र कुठल्याही टपरीवर पाच मिनिटांत वाचतो.

लाखनी ते नागपूर: कागदावरचा हिशोब

मामाजींचा प्रवास जाऊन-येऊन साधारण १६५ किलोमीटर, जवळजवळ सगळा राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचा. समजा बॅटरी ३० युनिटची आहे आणि १५ टक्के शिल्लक ठेवायची आहे, म्हणजे वापरायला २५.५ युनिट. माणसांसकट गाडीचं वजन १६०० किलो धरलं, हवेचा आणि टायरचा रोध नेहमीच्या छोट्या एसयूव्हीचा धरला, मोटरपर्यंत ८५ टक्के वीज कामी येते असं धरलं. वेग एकसारखा धरलाय, सिग्नल-गर्दी नाही. हा मोजलेला आकडा नाही, भौतिकशास्त्राचा अंदाज आहे. पण तुलनेला पुरेसा आहे.

जानेवारी, १२ अंश, हीटर बंद, वेग ९०: किलोमीटरला साधारण १५२ वॉट-तास, रेंज १६८ किमी.
जानेवारी, हीटर बंद, वेग ७०: ११५ वॉट-तास, रेंज २२० किमीच्या वर.
जानेवारी, सतत एक किलोवॅट हीटर, वेग ९०: १६३ वॉट-तास, रेंज १५६ किमी.
मे, ४२ अंश, दोन किलोवॅट एसी, वेग ९०: १६६ वॉट-तास, रेंज १५४ किमी.
मे, एसी चालू, वेग ७०: १३८ वॉट-तास, रेंज १८५ किमी.

नीट बघा. ९० च्या वेगाने जानेवारी आणि मे यांच्यात फरक १४ किलोमीटरचा. थंडीत हवा जड असते, ती काही देणं वसूल करते. उन्हाळ्यात एसी वसूल करतो. पण त्याच जानेवारीत ९० ऐवजी ७० ने गेलात, तर पन्नासेक किलोमीटर वाढतात. कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऋतूपेक्षा उजवा पाय महाग पडतो.

आता हे मामाजींच्या १६५ किलोमीटरला लावा. जानेवारीत ९० ने गेले, तर जेमतेम पोचतील. मे महिन्यात ९० ने गेले, तर घर गाठायला शिल्लक ठेवलेली वीज काढावी लागेल. ७० ने गेले, तर दोन्ही ऋतूंत आरामात घरी. त्यात पारडीजवळ मे महिन्याच्या दुपारी तासभर अडकलात, तर गाडी जागची न हलता एसीच दोन युनिट पितो, म्हणजे बॅटरीचा सहा-सात टक्के भाग. थंडीत तोच एक तास जवळजवळ फुकट जातो.

आपला स्वतःचा आकडा

मग परदेशी अहवाल सोडा, आपल्याकडच्या जाहिरातीतला आकडा तरी उपयोगाचा आहे का? तो येतो 'एमआयडीसी' चाचणीतून. ही आपली औद्योगिक वसाहत नव्हे. मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. चाचणी २० ते ३० अंश तापमानात होते, एसी बंद असतो. तिच्या शहरी भागात वेग ५० च्या वर जात नाही, आणि दुसऱ्या भागात तो ९० ला जेमतेम स्पर्श करून परत खाली येतो. महामार्ग ५३ वर ९० हा लोकांचा कमाल वेग नसतो, सुरुवातीचा असतो.

याचे परिणाम दिसलेही आहेत. मार्च २०२१ मध्ये, ३१२ किलोमीटर रेंज सांगितलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीला प्रत्यक्षात कमी रेंज मिळते या तक्रारीवरून दिल्ली सरकारने तिचं अनुदान थांबवलं. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्या वादात कोण बरोबर यापेक्षा मला वेगळी गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते: चाचणीचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा हे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि गिऱ्हाइकाला त्यातलं एकच छापून दिलं जात होतं.

पुढे यात सुधारणा झाली. २०२४ मध्ये ४५ युनिटची नेक्सॉन आली, तेव्हा कंपनीने ४८९ किलोमीटर या चाचणीच्या आकड्याबरोबर ३५० ते ३७० असा 'सी-७५' आकडाही दिला, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना मिळू शकेल अशी रेंज. जवळपास पाव भाग कमी, आणि तो कंपनीनेच सांगितला, हे चांगलंच झालं. पण तरीही तो आकडा कुठल्या महिन्यातला, कुठल्या वेगाचा, हे त्यातून कळत नाही. शिमल्याचा ग्राहक आणि साकोलीचा ग्राहक त्यात एकत्र मिसळलेले आहेत.

मला हवा आहे तो आकडा साधा आहे: ४३ अंश, एसी चालू, सलग ८० चा वेग. एकच ओळ, किमतीच्या शेजारी छापलेली. पुण्यात एआरएआयसारखी चाचणी संस्था आहे, गरम खोलीत रोलरवर गाडी चालवणं हे काही नवं तंत्रज्ञान नाही. अमेरिकेने आपल्या थंडीसाठी चाचणी केली, नॉर्वेने आपल्या बर्फासाठी केली. आपल्या उन्हासाठी ती आपणच करायची आहे.

तोवर गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला रेंज विचारू नका. गाडीच्या पडद्यावर १०० किलोमीटरला किती युनिट लागली ते दिसतं. महामार्गावर ८० च्या वेगाने एक चक्कर मारा, तो आकडा बघा, आणि बॅटरीच्या युनिटला त्याने भागा. जानेवारीत चक्कर मारत असाल, तर एसी मुद्दाम थंडगार लावून बघा. पूर्ण मे महिना काही कळणार नाही, पण अंदाज येईल. सेकंडहँड गाडी असेल, तर बॅटरी किती उरली आहे तेही तपासून घ्या, कारण मी वर धरलेली ३० युनिट नव्या बॅटरीची आहेत.

मामाजींना मी एवढंच सांगितलं: थंडीला भिऊ नका, गाडी सत्तरने हाका, आणि मे महिन्यात नागपुरात मामींची तपासणी होईस्तोवर गाडी चार्जिंगला लावून ठेवा.