दुकानाच्या शटरला पॉझिटिव्हिटीचं कुलूप

४ जून २०२१ चा महाराष्ट्र शासनाचा आदेश तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेला नसेल, पण त्याप्रमाणे तुम्ही काही आठवडे जगलात हे नक्की. 'ब्रेक द चेन' या मालिकेतला हा आदेश ७ जूनपासून लागू झाला. दुसऱ्या लाटेनंतर दुकानं, हॉटेलं, सलून कधी आणि किती वेळ उघडायचं, हे त्यानं ठरवलं. मी पीएचडीसाठी साथीच्या काळातल्या आकडेवारीवर काम करते. एखाद्या आकड्यावरून प्रशासन निर्णय कसा घेतं, हा माझा विषय. त्यामुळे हा आदेश मी अनेकदा वाचला आहे, आणि आज त्याचं परीक्षण करायचं आहे, एखाद्या पुस्तकाचं करतात तसं.

आदेशाची रचना अशी. जिल्ह्यांचे पाच स्तर. आठवड्याची पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांहून कमी भरलेले, तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. पॉझिटिव्हिटी तीच पण बेड २५ ते ४० टक्के भरलेले, तर दुसरा. पॉझिटिव्हिटी ५ ते १० किंवा बेड ४० टक्क्यांच्या वर, तर तिसरा. १० ते २० किंवा बेड ६० च्या वर, तर चौथा. २० च्या वर किंवा बेड ७५ च्या वर, तर पाचवा. दर गुरुवारी आकडे जाहीर, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्तर ठरवणार, सोमवारपासून अंमल. तिसऱ्या स्तरात किराणा-दूध रोज दुपारी चारपर्यंत. कापड, भांडी, मोबाईल वगैरे सोमवार ते शुक्रवार चारपर्यंत, शनिवार-रविवार बंद. चौथ्यात 'अत्यावश्यक नसलेलं' सगळंच बंद.

आधी कौतुक करते, कारण ते खरंच करायला हवं. तोपर्यंत लॉकडाऊन म्हणजे रात्री आठचं भाषण आणि सकाळी पोलिसांची काठी. इथे पहिल्यांदा नियम लिहून समोर ठेवला होता. मारुती रोडवरचा कापड दुकानदार गुरुवारी आकडा बघून सोमवारचा अंदाज बांधू शकत होता. सरकारनं स्वतःचे हात बांधून घेतले होते, निदान कागदावर. ही छोटी गोष्ट नाही.

माझं भांडण आहे ते आकड्याशी.

पॉझिटिव्हिटी म्हणजे काय? वर पॉझिटिव्ह आलेले, खाली एकूण चाचण्या. साधा भागाकार. पण वरचा आकडा काही प्रमाणात आजारावर अवलंबून असतो, आणि खालचा पूर्णपणे आपण कुणाच्या चाचण्या करायच्या ठरवतो त्यावर. कागद-पेन घ्या. समजा एका जिल्ह्यात आठवड्यात १०,००० चाचण्या झाल्या, १,२०० पॉझिटिव्ह. १२ टक्के, चौथा स्तर, दुकानं बंद. पुढच्या आठवड्यात आजार तेवढाच आहे, पण प्रशासनानं बाजारात, एसटी स्टँडवर, चेकनाक्यावर आणखी ५,००० धडधाकट लोकांचे स्वॅब घेतले. त्यातले एक टक्का, म्हणजे ५० पॉझिटिव्ह निघाले. आता १,२५० भागिले १५,०००. आठ पूर्णांक तीन टक्के. तिसरा स्तर, दुकानं सुरू. सापडलेले रुग्ण पन्नासनं वाढले आणि जिल्हा 'सुधारला'!

आता याच्या उलट बघा, ते जास्त वाईट आहे. आणि त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातले चौघं पॉझिटिव्ह आले आणि बघता बघता ती साखळी दोन डझनांच्या आसपास गेली. राज्यभर सांगलीचं नाव झालं, ते वाईट अर्थानं. मग तिथे जे काम झालं त्याला पुढे 'इस्लामपूर पॅटर्न' म्हणून शाबासकी मिळाली: परिसर सील, संपर्कातला माणूस न् माणूस शोधणं, त्याला वेगळं ठेवणं, चाचणी करणं. म्हणजे चाचण्या तिथेच, जिथे आजार सापडण्याची शक्यता सर्वात जास्त. हेच चांगलं साथरोगशास्त्र. पण या पद्धतीत पॉझिटिव्हिटी चढीच येणार, ती यायलाच हवी! २०२१ चा नियम २०२० च्या इस्लामपूरला लावला असता, तर सर्वात नेटकं काम करणाऱ्या पथकानं आपल्याच गावाची दुकानं बंद पाडली असती. जो नियम नीट शोधणाऱ्याला शिक्षा आणि गर्दीत स्वॅब घेणाऱ्याला बक्षीस देतो, त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्याच्या गणिताबद्दल आहे.

तुम्ही म्हणाल, ५ टक्क्यांची रेघ तर जागतिक आरोग्य संघटनेनंच दिली होती. दिली होती, मे २०२० मध्ये. पण तिला अट जोडलेली होती. ५ टक्क्यांच्या खाली सलग किमान दोन आठवडे, आणि तेही संशयित रुग्णांच्या चाचण्या पुरेशा व्यापक होत असतील तरच. व्यापक म्हणजे किती, तर आठवड्याला दर हजार लोकसंख्येमागे साधारण एक. २०११ च्या जनगणनेनुसार सांगली जिल्हा २८ लाख २२ हजारांचा, म्हणजे आठवड्याला २,८०० च्या आसपास चाचण्या. साताऱ्याची लोकसंख्या ३० लाखांवर, तिथे ३,००० च्या पुढे. २०२१ पर्यंत हा आकडा काही अवघड राहिला नव्हता. पण यातला शब्द आहे 'संशयित'. रांगेत उभे केलेले वाटसरू नव्हेत. ५ टक्क्यांचा आकडा जगभर फिरला आणि त्याची अट मात्र पहिल्याच स्टेशनावर उतरली, असं मला नेहमी वाटतं.

शासनालाही काहीतरी चुकतंय हे कळलं असावं. २५ जूनला नवं पत्रक निघालं: डेल्टा प्लसच्या भीतीनं सगळे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरात, आणि पॉझिटिव्हिटी मोजताना फक्त आरटीपीसीआर धरायची, अँटिजेन नाही. ऐकायला शास्त्रीय वाटतं. आयसीएमआरनं जून २०२० मध्ये ज्या पहिल्या अँटिजेन किटला परवानगी दिली, त्याची रुग्ण पकडण्याची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के अशी नोंदवली होती, म्हणजे पाचातले एक-दोन, कधी निम्मेही निसटणार. पण आरटीपीसीआरकडे कोण पाठवलं जातं, हा प्रश्न तसाच राहिला. लक्षणं आहेत पण अँटिजेन निगेटिव्ह, त्याला आरटीपीसीआरला पाठवायचं असा नियम. अँटिजेनला पॉझिटिव्ह निघाला तो तिथेच रुग्ण म्हणून नोंदला जाणार, आरटीपीसीआरच्या हिशेबात येणारच नाही. म्हणजे चाळणीतून आधी काही खडे काढले आणि उरलेल्या धान्यावरून पोत्याची प्रत ठरवली. एका जिल्ह्यात अँटिजेन जास्त, दुसऱ्यात कमी, तर दोघांच्या टक्केवारीची तुलना करायला काही अर्थ उरत नाही. आणि आदेश नेमकी तीच तुलना करत होता.

बरं, बेड तरी भरवशाचे? ते जास्त प्रामाणिक आहेत, कारण रुग्ण खाटेवर असतो नाहीतर नसतो. पण सांगली जिल्ह्याचा हिशेब करताना मिरज विसरून चालत नाही. विल्यम वॉनलेस यांच्या काळापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. अथणी, चिकोडी, विजापूर, कोल्हापूरचा पूर्व भाग, सांगोला-पंढरपूरकडची माणसं उपचाराला तिथेच येतात. मिरजेतल्या ऑक्सिजन बेडवरचा पेशंट कर्नाटकातला असला तरी भार मोजला जाणार सांगलीचा. जो जिल्हा शेजाऱ्यांना बेड देतो, त्याच्याच बाजारपेठेवर त्याचा भार. यावर आदेशात एक ओळही नाही.

आणि एकक! २०११ च्या जनगणनेनुसार १० लाखांच्या वरच्या महापालिका स्वतंत्र धरल्या, बाकी सगळा जिल्हा एक. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका पाच लाखांची. म्हणजे जतच्या पूर्वेकडच्या वस्त्या, शिराळ्याचा डोंगरी भाग, विटा, आटपाडी आणि गणपती पेठ, सगळ्यांचं मिळून एकच टक्केवारीचं गाठोडं. कवठेमहांकाळला साथ ओसरली असेल तरी वाळव्यातल्या आकड्यानं तिथलं शटर खाली. उलटंही होणार. ज्यांनी ही भूमी बघितली आहे, त्यांना हे एक एकक आहे असं कुणी पटवून दाखवावं.

इथवर जिल्ह्याच्या चाचण्यांबद्दल बोललो. पण दुकान उघडायला माणसाचीही चाचणी लागत होती, ते जरा मागे जाऊन बघू. एप्रिल २०२१ च्या आदेशात दुकानात काम करणाऱ्यांनी लस घ्यावी, नाहीतर निगेटिव्ह आरटीपीसीआर जवळ ठेवावा, १५ दिवस चालेल, असं होतं. पुढे अँटिजेनही चालवून घेतली. न पाळल्यास १,००० रुपये दंड. त्या महिन्यात लस होती ४५ वर्षांवरच्यांना. काउंटरवरचा पंचविशीतला पोरगा लस घेऊच शकत नव्हता. त्याच्यापुढे एकच वाट, चाचणी. खाजगी लॅबमध्ये आरटीपीसीआर ५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १,०००. हा खर्च कुणी सोसायचा ते आदेशात नव्हतं. ते मालकाच्या स्वभावावर सोडलेलं.

पैशाचं सोडा, त्या १५ दिवसांना आधार कसला? २०२० मध्ये कुसिर्का आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांतली माहिती एकत्र करून दाखवलं, की संसर्ग झाल्यावर चौथ्या दिवशी आरटीपीसीआर केली तर बाधितांपैकी अंदाजे ६७ टक्के निगेटिव्हच दिसतात. लक्षणं सुरू होतात त्या दिवशी ३८, आणि आठव्या दिवशी सर्वात कमी, २० टक्के. म्हणजे सोमवारी निगेटिव्ह आलेला माणूस गुरुवारी संसर्ग पसरवत असू शकतो, आणि खिशातला कागद आणखी बारा दिवस 'चालू' असतो. लॅरेमोर, मायना वगैरेंच्या त्याच वर्षीच्या कामाचा निष्कर्ष तर आणखी स्पष्ट आहे: नियमित तपासणीत चाचणी किती बारीक पकडते यापेक्षा ती किती वेळा होते आणि निकाल किती लवकर येतो, हे महत्त्वाचं. दर तीन दिवसांनी केलेली साधी अँटिजेन ही पंधरा दिवसांतून एकदा केलेल्या, रिपोर्ट दोन दिवसांनी येणाऱ्या आरटीपीसीआरपेक्षा उपयोगाची. १५ दिवसांचा नियम बाजार सुरक्षित करत नव्हता. पोलिसाला दाखवायला कागद देत होता.

जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहरानं मार्च २०२१ मध्ये वेगळं करून पाहिलं. चौकात मोफत अँटिजेन, निगेटिव्ह आलात की त्याच दिवसापुरता पास, त्यावर दुकानं, कॅफे, नाट्यगृह. पास दुसऱ्या दिवशी रद्दी. तिथेही रुग्ण वाढलेच, बाहेरगावची गर्दी आली, आणि एप्रिलच्या अखेरीस देशभराच्या कायद्यानं तो प्रयोग बंद झाला. यशाची गोष्ट म्हणून हे सांगत नाहीये. पण निदान चाचणीचं आयुष्य किती, याचं उत्तर तिथे विषाणूच्या स्वभावाला धरून होतं.

परत सांगलीत येऊ. जुलै २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात कृष्णा शहरात शिरली. २०१९ चा पूर धुऊन काढलेल्या दुकानांत परत चिखल. २ ऑगस्टला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पूरग्रस्त भागाच्या पाहणीसाठी सांगलीत होते. आणि तिथूनच त्यांनी सांगितलं की रुग्ण कमी असलेल्या भागात दुकानं रात्री आठपर्यंत उघडायला परवानगी देतोय. त्याच दिवशीच्या आदेशात २२ जिल्ह्यांना सूट होती. ११ जिल्हे तिसऱ्या स्तरातच ठेवले, त्यात सांगली, सातारा आणि कोल्हापूर. घोषणा ऐकली सांगलीनं, लागू झाली दुसरीकडे. गाळ उपसून, भिजलेला माल उन्हात टाकून बसलेल्या व्यापाऱ्याला दुपारी चारला शटर ओढायचं होतं, आणि शनिवार-रविवार तर तेही नाही. त्या दोन दिवसांत पाण्यातून वाचलेला माल विकला असता तर संसर्ग किती वाढला असता, हे पॉझिटिव्हिटी सांगू शकत नाही. ती त्यासाठी बनलेलीच नाही.

मग काय वापरायचं होतं, हा प्रश्न रास्त आहे. मला विचाराल तर तीन गोष्टी. एक, ठरावीक ठिकाणी, ठरावीक संख्येनं, दर आठवड्याला त्याच पद्धतीनं घेतलेले नमुने. चाचण्या वाढल्या-घटल्या तरी हा आकडा हलत नाही. दोन, बेड मोजताना रुग्णाचा पत्ताही मोजणं. तीन, तालुका हे एकक. यातलं काहीही महागडं नाही. नमुने घेणारी माणसं आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची प्रयोगशाळा दोन्ही होती.

११ ऑगस्टला राज्यानं दिशा बदलली. १५ ऑगस्टपासून दोन्ही डोस झालेल्या कर्मचाऱ्यांसह दुकानं रात्री दहापर्यंत. पुन्हा कडक निर्बंध कधी, तर राज्याची ऑक्सिजनची रोजची गरज ७०० टनांच्या वर गेली तर. म्हणजे दहा आठवडे ज्या टक्केवारीवर बाजार उघडत-मिटत होता, ती एका आदेशात मागे पडली, आणि तिच्या जागी आला टँकरवर मोजता येईल असा आकडा. का बदलला, याचं स्पष्टीकरण त्या कागदात मला सापडत नाही.