वीरकाव्य
वीरकाव्य : युद्धप्रसंगी किंवा प्राणसंकटात प्रकट झालेला पराक्रम हा ज्याचा मुख्य विषय असतो आणि जे बहुधा श्रोत्यांसमोर गाऊन वा म्हणून दाखविण्यासाठी रचिलेले असते, असे कथनात्मक काव्य. इंग्रज समीक्षक सी. एम्. बाउरा यांनी आपल्या ‘हिरॉइक पोएट्री’ (१९५२) या ग्रंथात ग्रीक, फ्रेंच, रशियन, दक्षिण स्लाव्ह इ. अनेक भाषांतील अशा काव्यांचा तौलनिक विचार केला आहे. वीर हा दैवी वा जादूच्या सामर्थ्याने नव्हे, तर मानवी बळाने व मानासाठी लढतो, हे या काव्यप्रकाराचे गमक त्यांनी मानले. भारतात हिंदीतील रासो काव्ये व आल्हा, तसेच तमिळमधील ‘पुरनानूरु’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. मराठीत हे कार्य प्रामुख्याने पोवाड्याने केले. पराक्रम या अर्थाने ‘पवाडा’ हा शब्द ‘ज्ञानेश्वरी’तही आढळतो, पराक्रमाचा वाचक असलेला शब्द पुढे त्या पराक्रमाच्या गीताचा वाचक झाला.

वीरकाव्य कोणत्या घटनेस लाभते आणि कोणत्या घटनेस लाभत नाही, हा या प्रकाराच्या अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न आहे. पराक्रम जितका मोठा वा यश जितके निर्णायक, तितके काव्य अधिक, असा समज असतो. परंतु तो टिकत नाही. या दृष्टीने नीरा नदीकाठच्या शिरवळचे (जि. सातारा) उदाहरण उद्‌बोधक आहे. १६४८ मध्ये शहाजीराजे विजापूरकरांच्या कैदेत असताना फत्तेखान शिवाजी महाराजांवर चालून आला. त्याची छावणी बेलसर येथे होती. त्याने पाठविलेल्या बाळाजी हैबतरावाने शिरवळचा सुभानमंगळ हा भुईकोट व्यापला. महाराजांनी पुरंदरावरून कावजी मल्हार याच्या हाताखाली सैन्य पाठवून तो परत घेतला. पाठोपाठ पुरंदरच्या लढाईत फत्तेखानाचाही मोड झाला. पिता शत्रूच्या हाती असताना पुत्राने मिळविलेला हा विजय होता. एखाद्या शाहिराला याहून अधिक नाट्यपूर्ण विषय क्वचितच मिळाला असता.

तरीही शिवकालीन म्हणून मान्यता पावलेल्या मोजक्या पोवाड्यांत शिरवळचा पोवाडा नाही. या संग्रामाचे काव्यरूप वर्णन आढळते ते कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. काशीतील पंडितांना कवी शिवचरित्र सांगत आहे, अशी त्याची मांडणी आहे. नायक विष्णूचा अवतार आहे. शिरवळवर चालून गेलेल्या सरदारांची नावे, त्यांचे आवेश आणि कोटावरील झुंज ही सर्व महाभारताच्या युद्धपर्वांच्या वळणाने येतात. इतिहासकाराला हा मजकूर मोलाचा आहे. परंतु ज्याचा जय अवतारत्वाने आधीच ठरलेला आहे, त्याच्या युद्धाविषयी श्रोत्याला धाकधूक वाटत नाही. बाउरा यांची कसोटी लावली, तर ‘शिवभारत’ हे वीरकाव्यापेक्षा पुराणाच्या अधिक जवळचे ठरते. स्वतः परमानंदानेही त्यास ‘अनुपुराण’ म्हटले आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

त्याच धामधुमीत मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर सासवडच्या परिसरात पडले, अशी परंपरा आहे. त्यांच्यावरील यमाजीचा पोवाडा मात्र प्रसिद्ध आहे. कोट जिंकणारा कावजी संस्कृत श्लोकांत राहिला आणि मरण पावलेला बाजी डफावर गेला. यात योगायोगाचा भाग असेल. पण तो केवळ योगायोग नव्हे. फ्रान्समधील ‘रोलाँचे गीत’ हेही ७७८ मध्ये पिछाडी सांभाळताना मारल्या गेलेल्या सरदाराचेच आहे. मूळचे बास्क हल्लेखोर सु. तीनशे वर्षांनी काव्यात सारासेन झाले, तरी रोलाँचे मरण बदलले नाही.

तुळशीदासाच्या सिंहगडच्या पोवाड्यात (घटना : ४ फेब्रुवारी १६७०) हीच प्रवृत्ती पूर्णत्वास गेलेली दिसते. या पोवाड्याची चर्चा बहुधा घोरपडीभोवती फिरते. ‘सभासद बखरी’त निवडक मावळे वानरांप्रमाणे कडा चढले, एवढेच आहे; तिच्यात घोरपड नाही. इतिहासदृष्ट्या हा आक्षेप योग्य असला, तरी काव्यदृष्ट्या तो गौण आहे. चंद्रावळी हत्ती, सिद्दी हिलाल इत्यादींची रेलचेल असलेला युद्धाचा भाग हा वस्तुतः या पोवाड्याचा सर्वांत सांकेतिक भाग होय. त्याचे खरे बळ गडाच्या पायथ्याशी पोहोचण्यापूर्वीच्या मजकुरात आहे. प्रतापगडावरून दिसणारा सिंहगड पाहून अस्वस्थ झालेली जिजाबाई, मायलेकांनी मांडलेला फाशांचा डाव, मुलाच्या लग्नाच्या तयारीत असलेला तानाजी आणि ऐंशी वर्षांचा शेलारमामा हे सर्व घरगुती, मावळी बोलीत येते. घर सोडण्याचे मोल आधी कळल्यामुळेच पुढील मरण श्रोत्याला लागते. परमानंदाला हे साधलेले नाही. किंबहुना त्याला त्याची गरजच भासली नसावी.

याउलट, अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा (घटना : १० नोव्हेंबर १६५९) विजयाचा आहे. तेथे ताण टिकतो तो दोन पुरुषांच्या भेटीमुळे. शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचे त्यातच नमूद आहे. हा आश्रय पोवाड्याला पोसणारा तसाच बाधकही ठरला. पेशवाईतील अनेक पोवाड्यांत सरदारांच्या नावांची लांबच लांब यादी येते. ज्याचे नाव गाळले तो रुसणार, ही भीती त्यामागे असावी. आज वाचताना या याद्या कंटाळवाण्या वाटतात. मात्र डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांचा ‘जी जी’चा ठेका यांत त्या ऐकणारा, आपल्या घराण्याचे नाव केव्हा येते याकडे कान लावून बसत असला पाहिजे. छापील संहितेवरून पोवाड्याचा न्याय करताना ही मर्यादा ध्यानी ठेवावी लागते. अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांच्या संग्रहाने (१८९१) पोवाडे नष्ट होण्यापासून वाचविले. चाल मात्र कागदावर उतरू शकली नाही.

आश्रयदाता सरदार नाहीसा झाल्यावर हा प्रकार संपला नाही. मूळच्या कटगुणच्या (जि. सातारा) घराण्यातील जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पवाडा रचून नायकाला कुळवाड्यांचा राजा म्हणून पुढे आणले. वाटेगाव (जि. सांगली) येथे जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला (१९४३). त्यात एका वीराच्या जागी एक शहर लढते, आणि ऐकणारा मुंबईचा गिरणी कामगार आहे. कवीने ते शहर पाहिले नव्हते. ज्या पोवाड्यात वाटा, घाट व गडांची नावे श्रोत्याच्या पायाखालची असत, त्यात एक अनोळखी नदी व अनोळखी रस्ते आले. डफाचा ठेका तोच राहिला.