टॉमस म्युंट्सर: दोन निवाडे

सोळाव्या शतकांतील जर्मन धर्मोपदेशक टॉमस म्युंट्सर याजविषयीं दोन निवाडे प्रसिद्ध आहेत. ल्यूथरला त्याच्यांत सैतान दिसला; एंगल्सला, १८५० सालच्या ग्रंथांत, धर्माच्या बुरख्याआडचा क्रांतिकारक दिसला. आमच्या मतें दोन्ही निवाडे एकांगी आहेत.

१५२३ सालीं आल्श्टेट येथें म्युंट्सरनें देवळांतील उपासना लॅटिनमधून जर्मन भाषेंत आणली. ल्यूथरची जर्मन उपासना १५२६ ची. ईश्वर ग्रंथांत एकदां बोलून थांबला नाहीं, दुःखानें पोळलेल्या अंतःकरणांत तो आजहि बोलतो, हा त्याचा सिद्धांत. ती वाणी निरक्षर शेतकऱ्यासहि ऐकूं येत असेल, तर मध्यें पंडित कशाला? त्याचें बंड या श्रद्धेंतूनच उगवलें. तिला बुरखा म्हणणें म्हणजे मुळालाच साल समजणें होय.

परंतु याच श्रद्धेंत त्याचा दोषहि आहे. आंतली वाणी ईश्वराची कीं आपल्याच क्रोधाची, हें पारखण्याची खात्रीची कसोटी त्यानें दिली नाहीं. १५ मे १५२५ रोजीं फ्रांकेनहाउझेन येथें त्याच्या शब्दावर विसंबलेले हजारों शेतकरी मारले गेले. २७ मे रोजीं त्याचाहि शिरच्छेद झाला. अनुयायांच्या रक्ताचें ऋण पुढाऱ्याच्या प्रामाणिकपणानें फिटत नाहीं.