बिचित्रचे एक चित्र : भक्ती की प्रभुत्व?

मोगल चित्रकार बिचित्र याने सुमारे १६१५ ते १६१८ या काळात काढलेले व आज वॉशिंग्टन येथील फ्रीअर कलासंग्रहात असलेले एक चित्र जहांगीराच्या साधुभक्तीचे निदर्शक मानले जाते. तुर्की सुलतान व इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यांना डावलून बादशहा एका वृद्ध सूफी शेखाला ग्रंथ देत आहे. चित्रावरील फार्सी लेखाचा आशयही राजांहून दरवेश श्रेष्ठ, असाच आहे.

परंतु चित्राची रचना या आशयाला सर्वस्वी दुजोरा देत नाही. गुरूने द्यावे व शिष्याने घ्यावे, हा क्रम येथे उलटला आहे. सूर्यचंद्रांचे विशाल प्रभामंडल बादशहाच्याच मस्तकामागे आहे. शेख तो ग्रंथ वस्त्रावर घेतो, शाही हाताला त्याचा स्पर्श होत नाही.

एवढ्यावरून ही भक्ती म्हणजे केवळ ऐश्वर्याचे प्रदर्शन होय, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. बादशहाचे आसन हे वाळूचे घड्याळ आहे. बालदेवदूत त्यावर सहस्र वर्षांच्या आयुष्याची कामना लिहीत आहेत. आतील वाळू मात्र खाली उतरतेच आहे. बादशहाला साधूची गरज का भासावी, याचे उत्तर बिचित्रने शेखाच्या मुद्रेत नव्हे, तर बादशहाच्या आसनात ठेवले आहे.